आठ पंधराचं गाणं

ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क असं लांबलचक नाव घेतलेली अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज यांची जोडी. लोक त्यांना ओएमडी म्हणतात. २०१९ साली त्यांच्या पहिल्या तबकडीला चाळीस वर्षं झाली, तेव्हा ‘सूव्हेनीर’ नावाचा संच निघाला. १९७९ च्या ‘इलेक्ट्रिसिटी’पासून नव्याने केलेल्या ‘डोंट गो’पर्यंत त्यांची सिंगल्स म्हणून आलेली गाणी त्यात आहेत. माझ्या घरी पोळ्या लाटताना, इस्त्री करताना हा संच वाजत असतो. त्यातल्या एका गाण्याने मला कित्येक वर्षं एका प्रश्नाला बांधून ठेवलं आहे. दुष्कृत्यातून काही चांगलं निघालं, तर ते घ्यायचा हक्क आपल्याला आहे का? आणि घेतलं, तर त्या कृत्यात आपला वाटा किती?

ते गाणं ‘एनोला गे’. सप्टेंबर १९८० मध्ये ते आलं, ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि युरोपभर लोक त्यावर नाचले. सुरुवातीलाच सिंथेसायझरवर मोजक्या सुरांची एक धून येते, खाली ड्रम मशीनचा बारीक ठेका. एकदा ऐकली की कुणालाही गुणगुणता यावी अशी ती धून आहे. आमच्याकडे पन्नाशीच्या, साठीच्या वाढदिवसांना हे गाणं अजून लागतं आणि माणसं खुर्च्या सरकवून उठतात. मीही उठले आहे.

एनोला गे हे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं नाव. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे आठ वाजून पंधरा मिनिटं. ती वेळ गाण्यातही येते. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली, असा हिरोशिमा शहराचा अंदाज आहे.

मी मूळची सांगलीची. भौतिकशास्त्र शिकले, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराच्या वैद्यकीय वापराचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर इंग्लंडला, विरलला आले. लिव्हरपूलसमोर मर्सी आणि डी या दोन नद्यांच्या मधला हा जमिनीचा पट्टा. निवृत्त होईपर्यंत कर्करोगाच्या रुग्णालयात फिजिसिस्ट म्हणून काम केलं. आपल्याकडे घरोघरी ज्याला ‘शेक देणं’ म्हणतात, त्या शेकाचं गणित मांडायचं, यंत्रं तपासायची, कोबाल्टची यंत्रं जाऊन लिनॅक नावाची किरणयंत्रं आली त्यांची मोजमापं घ्यायची, हे माझं काम. ओएमडीचे दोघेही इथलेच. आमच्या होयलेकच्या अलीकडे मेल्स नावाचं गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेत ते एकत्र होते. ‘इलेक्ट्रिसिटी’ पॉलच्या आईच्या घरातल्या मागच्या खोलीत जुळलं. घरी फोन नव्हता तेव्हा मेल्समधला लाल टेलिफोनचा खोका हेच त्यांचं ऑफिस, आणि त्या खोक्यावरही त्यांनी एक गाणं केलं आहे. चाहते आजही तो पाहायला येतात. शेजारच्या गावातल्या मुलांनी केलेली गाणी म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे खरं.

आता मुख्य गोष्ट. विमानाला हे नाव दिलं ते त्याचा वैमानिक पॉल टिबेट्स याने. एनोला गे टिबेट्स ही त्याची आई. मोहिमेच्या आदल्या दिवशी तिचं नाव विमानाच्या नाकाडावर रंगवून घेतलं गेलं. बॉम्बचं टोपणनाव ‘लिटल बॉय’. म्हणजे आईच्या कुशीतून लहान मुलगा खाली सुटला. ही नावं इतिहासात होतीच. मॅक्लस्कीने ती गाण्यात शेजारी शेजारी ठेवली आणि विमानाशी तो घरातल्या माणसाशी बोलावं तसा बोलला. गाण्यात मृतांची मोजदाद नाही, राजकारण नाही, कुणाचा निषेधही नाही. एक हळवा, थोडा गोंधळलेला आवाज आहे आणि तो विचारतो आहे. ज्या आईच्या नावाने हे झालं, तिला याचं काय वाटत असेल, हा विचार ऐकणाऱ्याच्या मनात तो आवाज सोडून देतो.

हे गाणं मला गीतेकडे नेतं. अणुबॉम्ब आणि गीता म्हटलं की लोकांना ओपेनहायमर आठवतो, आणि ते ठीकच आहे. बर्कलीला आर्थर रायडर यांच्याकडे तो संस्कृत शिकला होता, गीता मुळातून वाचत होता. पण मला त्याच्यापेक्षा टिबेट्सचं कोडं मोठं वाटतं. मला दिलेलं काम मी केलं, युद्ध लवकर संपावं म्हणून केलं, मला पश्चात्ताप नाही, रात्री शांत झोप लागते, असं तो जन्मभर सांगत राहिला. कर्तव्य, फळाची आस नाही, मन स्थिर. वरवर पाहिलं तर स्थितप्रज्ञाच्या लक्षणांशी जुळावं असंच हे आहे. मग गीतेच्या दरबारात हा माणूस सुटतो का?

आमच्या घरी संध्याकाळी ‘गीताई’ म्हटली जायची. बाबा शाळामास्तर, विनोबांचे भक्त. ‘गीता प्रवचनं’ त्यांनी आम्हा बहिणींना वाचून दाखवली होती. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ती बोलले आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली. एके दिवशी स्वतःचा मुलगाच खुनाच्या आरोपात समोर आला, तेव्हा फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे हे तो सांगू लागला. अर्जुनाचं तसंच, असं विनोबा म्हणतात. तो अहिंसक झालेला नव्हता. समोर आपली माणसं दिसली म्हणून त्याचे हातपाय गळाले. लहानपणी मला हे अर्जुनाला कमीपणा आणणारं वाटायचं. कामात पडल्यावर, विशेषतः हे गाणं वर्षानुवर्षं ऐकल्यावर, त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसायला लागली.

अर्जुनाने आधी काय केलं? रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध न्यायला सांगितला. कोणाशी लढायचं आहे ते मला बघू दे, म्हणाला. मग त्याला आजोबा दिसले, गुरू दिसले, मामा, भाऊ, मित्र दिसले. त्या बघण्यातून प्रश्न निघाला आणि प्रश्नातून गीता. बघितलंच नसतं तर अठरा अध्यायांपैकी एकाचीही गरज पडली नसती. एनोला गे साडेनऊ हजार मीटरांच्या आसपास उडत होतं. नेम धरला होता तो आइओई नावाच्या पुलावर, कारण वरून तो इंग्रजी टी अक्षरासारखा ठळक दिसतो. बॉम्ब सुटून फुटायला पाऊण मिनिटाहून थोडा कमी वेळ लागला, आणि तेवढ्यात विमान वळवून दूर न्यायचं होतं. अर्जुनाला पितामह दिसले, विमानातल्यांना पूल दिसला. अर्जुनाचा मोह तरी माणसांचा होता. तो मोह ज्याला पडलाच नाही, त्याच्या निर्मोहीपणाला गीतेची साक्ष काढता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मोहातून जाऊन पलीकडे पोचणं वेगळं आणि मोहाची वेळच येऊ नये इतक्या उंचीवरून हात चालवणं वेगळं.

मॅक्लस्कीचं गाणं नेमकं इथे काहीतरी करतं. विमानावर रंगवलेलं आईचं नाव घेऊन ते आप्त माणसाला रणाच्या मधोमध उभं करतं. टिबेट्सने जे खाली बघून केलं नाही, ते गाणं वर बघून करतं: पूल आणि नकाशा बाजूला होतात, आई आणि मूल दिसू लागतात. एकदा ती दिसली की खालच्या शहरातल्या आया आणि मुलं दिसायला वेळ लागत नाही. साडेतीन मिनिटांच्या नाचाच्या गाण्याने हे साधावं, याचं मला नवल वाटतं आणि त्याबद्दल मी त्या माणसाची ऋणी आहे.

त्याच सकाळी आणखी एक वैमानिक त्या आकाशात होता. क्लॉड ईदर्ली. त्याचं विमान हवामान बघायला तासभर आधी हिरोशिमावरून गेलं. आकाश मोकळं असल्याचा निरोप त्याच्या विमानाने दिला आणि लक्ष्य ठरलं. युद्धानंतर त्याचं आयुष्य विस्कटलं. इस्पितळं, छोटेमोठे गुन्हे, अपराधाची बोच. व्हिएन्नात राहणारे तत्त्वज्ञ ग्युंटर आंडर्स यांनी त्याला पत्रं लिहिली, त्याने उत्तरं दिली, १९६१ मध्ये तो पत्रव्यवहार पुस्तकरूपात आला. आंडर्स यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे यंत्राचा एक दाता फिरवून आपण नकळत महापातकात सामील होतो, त्या जगात तुझं बिघडणं हेच तुझ्या शाबूत असण्याचं लक्षण आहे. ईदर्लीच्या कहाणीत लोकांनी नंतर बऱ्याच खाचाखोचा काढल्या. तरी आंडर्स यांचा मुद्दा मला पटतो. झोप लागते हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

‘सूव्हेनीर’मध्ये या गाण्यानंतर थोड्याच अंतरावर जोन ऑफ आर्कवरची दोन गाणी येतात. १९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ या अल्बममधली ती. एक ‘जोन ऑफ आर्क’, दुसरं ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’. दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेली. दुसरं तर १९८२ मध्ये जर्मनीत सर्वांत जास्त खपलेलं सिंगल ठरलं. आधी कानठळ्या बसवणारा खरखरीत गोंगाट, मग त्यातून वर येणारी संथ वॉल्ट्झची लय आणि मेलोट्रॉनवरचा एक सूर, जो मला दुरून ऐकू येणाऱ्या सनईसारखा भासतो. जोन एकोणीस वर्षांची असेल. ३० मे १४३१ रोजी रुआंच्या बाजारचौकात तिला खांबाला बांधून जाळलं. निवाडा धर्मपीठाचा होता. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, तोच निवाडा चर्चने रद्द ठरवला. १९२० मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं. पाखंडी म्हणून जाळलेली मुलगी आज वेदीवर आहे. भाविकांना तिच्यापासून बळ मिळतं, यात शंका नाही. पण त्यामुळे तो खांब, ती लाकडं, पेटवणारा हात यांपैकी काही उजळून निघतं का? ती संत झाली म्हणून जाळणं बरं झालं, असं कोणीही शहाणा ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. फळाने कर्म धुऊन निघत नाही.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण त्याच्याशी माझी झटापट बरीच वर्षं चालली होती, आणि ती गाण्यामुळे नव्हती, माझ्या पगाराच्या कामामुळे होती. किरणांपाशी काम करणारी माणसं छातीवर एक बॅज लावतात. वर्षाला किती डोस चालेल याची मर्यादा ठरलेली असते. ती आकडेवारी येते कुठून? मुख्यतः हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांकडून. १९४७ मध्ये अमेरिकेने तिथे एक आयोग बसवला. १९७५ पासून जपान आणि अमेरिका मिळून तीच संस्था नव्या नावाने चालवतात. सुमारे एक लाख वीस हजार माणसांचा आयुष्यभराचा पाठपुरावा, स्फोटापासून कोण किती अंतरावर होतं, भिंतीआड होतं की उघड्यावर, पुढे कोणाला कोणता कर्करोग झाला, कधी झाला. १९८० च्या दशकात त्या दिवशीच्या डोसांचं गणित पुन्हा मांडलं गेलं. लहानपणी किरणं अंगावर घेतलेली मुलं तोवर कर्करोगाच्या वयात आली होती आणि धोका आधी वाटला त्याहून मोठा निघाला. म्हणून १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने आमच्यासारख्यांची मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. मी आज सत्तरीकडे धडधाकट जाते आहे, यात त्या मुलांचा हात आहे. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

आणि हेही त्याला जोडून सांगायला हवं की त्या पहिल्या आयोगाने त्यांना तपासलं, त्यांचं रक्त घेतलं, पण उपचार करणं आपलं काम मानलं नाही. वाचलेल्या माणसांच्या मनात त्याचा सल राहिला.

एकदा चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाला, निदान त्यातून काही चांगलं तरी निघालं. बोलणारा माणूस सज्जन होता आणि वाक्यही दुष्ट नव्हतं. मला मात्र ते गिळता येईना. रात्री बाबांना फोन केला, तेव्हा ट्रंक कॉल संपून थेट डायल आलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, चांगलं निघालं म्हणू नकोस. तुम्ही काढलंत म्हण. निघालं म्हटलं की श्रेय बॉम्बला जातं. काढलं म्हटलं की देणं तुमच्या अंगावर येतं.” आणि मग नेहमीप्रमाणे, “जेवलीस का?”

आपल्या परंपरेत माणूस ऋणं घेऊनच जन्मतो: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. ऋषींच्या आणि पितरांच्या ऋणात एक गोष्ट समान आहे. देणारा गेलेला असतो, त्याला थेट परत करता येत नाही, म्हणून आपण ते पुढच्यांना देतो. माझा त्या मुलांशी संबंध मी तसाच मानते. डोसची मर्यादा वापरायची तर अचूक वापरायची, एका रुग्णाच्या निरोगी पेशीला शतांश ग्रे एवढाही डोस जास्त जाऊ द्यायचा नाही, हा माझ्यापुरता त्या ऋणाचा हप्ता होता. ऋण न मानता घेतलेलं ज्ञान ही लूट आहे.

गाण्याचंही मला हेच म्हणायचं आहे. काही जण म्हणतात, एवढ्या संहारावर नाचाची धून बांधणं हाच अपमान. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, पण मला तो मान्य नाही. करुणातून आनंद कसा मिळतो हा प्रश्न आपल्या रसशास्त्रज्ञांनी शतकानुशतकं चघळला आहे. रामाच्या सीतात्यागावर रडायला लोक पुन्हा पुन्हा नाट्यगृहात जातात, ते सीतेच्या दुःखाची मजा घ्यायला जात नाहीत. गोडवा माणसाला थांबवून ठेवतो. हिरोशिमाचे फोटो बघताना आपण मान फिरवतो. धून मात्र कानात घर करते आणि तिच्यासोबत ती वेळ, ते नाव, ती आईसुद्धा. १९८० साली ज्या पोरांना इतिहासाच्या पुस्तकात रस नव्हता, त्यांतल्या कितीतरी जणांना त्या विमानाचं नाव या गाण्याने दिलं असणार.

अपमान होतो तो निवडण्यात. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाने त्या विमानाचा भाग मांडताना हिरोशिमातल्या मृतांच्या वस्तूही ठेवायचं ठरवलं होतं. माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि राजकारण्यांनी रान उठवलं. त्या वस्तू गेल्या, विवेचन गेलं, संचालकांना राजीनामा द्यावा लागला, आणि विमानाचं धड मात्र प्रेक्षकांसमोर आलं. आता ते संपूर्ण विमान व्हर्जिनियातल्या भल्यामोठ्या दालनात चकचकीत उभं आहे. आईचं नाव आहे, मुलं नाहीत. त्या दालनापेक्षा मेल्सच्या पोरांचं गाणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

‘सूव्हेनीर’सारखा संच विकत घेणारा माणूसही काहीतरी निवडत असतो. धून ठेवायची आणि सव्वाआठ विसरायचे, हे सहज जमतं. मधे प्रेमाची गाणी येतात, दिवस चांगला जातो. मला ते जमू द्यायचं नाही. नाचू नका असं मी कोणाला सांगणार नाही, मी स्वतः पुढच्या वाढदिवसालाही उठेन. पण फुकट नाचायचं नाही.

२०२४ चं शांततेचं नोबेल पारितोषिक निहोन हिदानक्यो या, अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या संघटनेला मिळालं. २०२५ मध्ये जपानच्या सरकारी नोंदीतल्या अशा माणसांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली, आणि त्यांचं सरासरी वय ८६ च्या वर होतं. त्यांनी सांगितलेल्या आठवणी हिरोशिमाच्या शांती संग्रहालयाने इंग्रजीतही उपलब्ध केल्या आहेत. त्यांतली एक तरी पूर्ण वाचा किंवा ऐका, आणि मग हे गाणं लावा.